दात तुमचे, वाढ आमची

मी जे सांगणार आहे ते तुम्हाला पटणार नाही. पटलं तर उलट मलाच वाईट वाटेल, कारण पटण्याजोग्या गोष्टी सांगणारी माणसं आमच्या सोलापूरच्या बाळीवेशीत ढिगानं पडली आहेत. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी माझ्या तोंडात नवे दात फुटले. बसवलेले नव्हेत, फुटलेले. तान्ह्या पोराला फुटतात तसे, ताप आणून, लाळ गाळून. आणि ते दात परत न्यायला कंपनी आली, तेव्हा या मल्लिनाथ हत्तुरेनं भर मंगल कार्यालयात तिला लोखंडाचे चणे चारले.

परवा पुण्याच्या एक बाई आमच्या दुकानात आल्या, त्यांनाही मी अशीच सुरुवात करून दिली. आमचं दुकान कडक भाकरीचं. ज्वारीची, पापडासारखी पातळ, तव्यावरून उतरवून मंद आचेवर वाळवलेली. महिना-दोन महिने टिकते आणि खाताना शेजारच्या घरात ऐकू जाते. थापते माझी बायको, महानंदा. विकतो मी, म्हणजे गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवून ठेवतो. तर या बाईंनी, वैजयंती करंदीकर त्यांचं नाव, इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "नरम भाकरी मिळेल का हो?"

कडक भाकरीच्या दुकानात नरम भाकरी! त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर, विजापूरचा इरण्णा, दारात उभा होता, तो फिसकन हसला. मी हसलो नाही. बोलताना बाईंनी वरच्या ओठावर बोट धरलं होतं, ते मी पाहिलं होतं.

"पुढचे गेलेत?" मी विचारलं.

"चार. डॉक्टरांनी पर्याय सांगितलेत. कवळी, ब्रिज, इम्प्लांट, नाहीतर ते नवीन इंजेक्शन. दोन महिने झाले, एक ठरवते आणि दुसऱ्या दिवशी मोडते."

"मग बसा त्या बाकावर. आमची मंडळी आत ताजी भाकरी थापून देतील, तोवर मी तुमचा निकाल लावून देतो. या चारही वाटांवरून मी चालून आलोय."

आतून महानंदाचा आवाज आला, "ऐका बाई, पण निम्मंच ऐका."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझेही वरचे पुढचे चार दात गेले होते, तिथून मी सुरुवात केली. गड्ड्याच्या यात्रेत पैज लागली होती. उसानं भरलेली ट्रॉली दातात दोर धरून ओढायची. मी ओढली.

"मग दात ट्रॉलीसंगट गेले काय?" इरण्णानं विचारलं.

"नाही बे. ट्रॉली आली, दात दोरात राहिले."

"तंबाखू!" आतून आवाज आला.

असू दे. गेले कसे हे महत्त्वाचं नाही, गेल्यावर काय झालं ते महत्त्वाचं. पहिली गोष्ट म्हणजे माझं बोलणं गेलं. पुढचे दात नसले की शब्दाला धार राहत नाही, नुसता वारा येतो. मी वाघाची गोष्ट सांगावी आणि लोकांनी शिट्टी ऐकून हसावं. दुसरी गोष्ट याहून वाईट. कडक भाकरी विकणाऱ्याच्या घरात कडक भाकरी आमटीत बुडवून, मऊ काला करून खाल्ली जाऊ लागली. दार लावून, बरं का! सोलापुरात भाकरीच्या दुकानदाराला काला खाताना कुणी बघितलं तर त्यानं गाव सोडावं. बायकोनं थापलेली भाकरी पाच-सहा वर्षं मी कोरडी मोडून खाल्ली नव्हती. ती बोलत नव्हती, पण रोज आमटी पातळ करून वाढत होती, आणि त्या पातळ आमटीत सगळं आलं.

शेवटी बोळाच्या तोंडाशी डॉक्टर सुरेखा मुनाळे यांचा दवाखाना आहे, तिथं गेलो. या बाई आधी रागावतात, मग तपासतात. रागावून झाल्यावर त्यांनी एकेक नमुना टेबलावर मांडला.

"कवळी सगळ्यांत स्वस्त. काढायची, धुवायची, घालायची. पण खालच्या हाडाला काम उरत नाही, ते झिजत जातं. मग कवळी सैल होते, पुन्हा नवी करायची."

"म्हणजे भाड्याची खोली," मी म्हणालो. "भिंती हलत राहणार आणि मालक आपण कधीच होणार नाही. आणि शिंक आली तर?"

"तोंडावर हात धरायचा. सगळे धरतात. आता हा ब्रिज. दोन्ही बाजूंचे दात तासायचे आणि त्यांच्यावर पूल टाकायचा."

"चांगले दात तासायचे? चोर पळाला म्हणून शेजाऱ्याला फटके?"

"तुम्ही दात लावायला आलात की बोलायला? हा इम्प्लांट. जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर दात. उत्तम टिकतो. पण तुमचं हाड पातळ झालंय, आधी ते भरावं लागेल. मग सहा महिने थांबायचं, मग स्क्रू."

आकडा त्यांनी सांगितला. तेवढ्यात दुभती म्हैस येते. एका दाताला एक म्हैस.

"तोंडात चार म्हशी बांधून मी झोपू कसा?" मी म्हणालो.

इथं करंदीकर बाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या, ओठावरचं बोट विसरून. "मलाही अगदी तोच आकडा सांगितलाय हो! मग चौथं?"

चौथं म्हणजे अंकुर. 'नवदंत' नावाच्या कंपनीचं इंजेक्शन. त्या वर्षी नुकतंच सोलापुरात आलं होतं. मुनाळे बाईंनी ते मला समजावलं, आणि एवढी एक गोष्ट मी जशीच्या तशी सांगतो, कारण शास्त्रात मी माझं काही मिसळत नाही.

आपल्याला दात दोनदा येतात, दुधाचे आणि कायमचे. पण तिसऱ्या खेपेचे अंकुरही हिरडीच्या आत असतात, झोपलेले. शरीरात एक प्रथिन असतं, ते पहारेकऱ्यासारखं त्यांच्यावर बसून असतं. 'झोपा, तुमची पाळी नाही' म्हणत राहतं. हे इंजेक्शन त्या पहारेकऱ्याला धरून ठेवतं. तो अडकला की अंकुर जागे होतात आणि वर यायला लागतात. तुमचेच दात, तुमच्याच रक्तावर वाढलेले. स्क्रू नको, पूल नको.

"मग यात खोट काय?" मी विचारलं.

"खोट मुळात आहे," डॉक्टर म्हणाल्या. "माणसाचा दात पुरता वाढला की मुळाचं तोंड मिटतं आणि वाढ थांबते. उंदराच्या, सशाच्या पुढच्या दाताचं तोंड मिटतच नाही. तो जन्मभर वाढतो आणि कुरतडून झिजतो. या इंजेक्शनच्या दाताचं मूळही वर्षानुवर्षं उघडं राहतं. म्हणून डोस मापून देतात. रोज जेवढी झीज, तेवढीच वाढ. टणक खाणाऱ्याला जास्त, मऊ खाणाऱ्याला कमी. माप जमलं तर दात जागच्या जागी राहतो."

"आणि नाही जमलं तर?"

"तर वाढ रोखायचं दुसरं इंजेक्शन आहे. त्याला ते लगाम म्हणतात. दरवर्षी एक, आणि ते स्वस्त नाही. घेतलं नाही तर दात काढून द्यायचे, असा करार आहे. नीट विचार करा."

पहिलं इंजेक्शन ब्रिजपेक्षाही स्वस्त होतं. मासा पकडायचा तर आधी गांडूळ फुकट द्यावं लागतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण डोळ्यांपुढे भाकरी दिसत होती.

आता इथं जी चूक झाली, ती फक्त सोलापूरचा माणूस करू जाणे. कंपनीची एक पोरगी होती, नाशिककडची, गोड. हातात टॅबलेट. तिनं विचारलं, "आजोबा, रोज जेवणात काय असतं?"

हा प्रश्न सोलापूरच्या माणसाला परक्यानं विचारू नये. मी छाती काढून म्हणालो, "कडक भाकरी. कोरडी. वर शेंगाचटणी."

"भिजवून वगैरे?"

"भिजवून? आम्ही काय आजारी आहोत?"

"किती?"

"सकाळी तीन, संध्याकाळी तीन. मधे भूक लागली तर एखादी."

तिनं ते सगळं टॅबलेटमध्ये घातलं. पुढं समजलं की मी एकटा नव्हतो. शेजारचे गुरुपादप्पा मास्तर, सहा महिने खिमट खाऊन जगणारा माणूस, त्यांनी चार-चार सांगितल्या होत्या. बाळीवेशीतल्या जेवढ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी अंकुर घेतला, त्या सगळ्यांनी तेच सांगितलं. कंपनीच्या कॉम्प्युटरला वाटलं असेल, या गावात माणसं नसून जाती राहतात, दळणाची.

मग सुई. ती मी डोळे उघडे ठेवून घेतली. हिरडीत चार ठिकाणी, हूं की चूं नाही. महानंदा तेवढी जिन्यात भेदरून उभी होती, बघवेना तिला.

आत भाकरी थापायचा आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला, थोडा जोरात.

दीड महिन्यात हिरड्या शिवशिवायला लागल्या. मुंग्या चालल्यासारख्या—

"मुंग्या न्हाईत," आतून महानंदा म्हणाली. "मिरची. ठेचा भरल्यागत."

"हिला काय ठाऊक," मी बाईंना म्हणालो. बाई मात्र आतल्या दाराकडे बघत राहिल्या.

तर ताप आला, लाळ गळू लागली, रात्र रात्र मी ज्येष्ठमधाची काडी चघळत बसायचो. आणि एक दिवस आरशात पाहतो तो हिरडीवर पांढरा ठिपका, तांदळाच्या कणीएवढा. सोबत भलतंच एक लचांड. तुम्हाला माहीतच आहे, बाळाला वरचे दात आधी आले तर ते मामाला जड जातात म्हणतात. माझे मामा अक्कलकोटला, ब्याण्णव वर्षांचे. त्यांना ही बातमी कुणीतरी पोचवली. लगेच फोन.

"मल्ल्या, वरचे आले म्हणं तुला?"

"हो मामा."

"खालचे आधी काढ की लेका!"

"मामा, खालचे आहेत माझे. पहिलेच आहेत."

"मग थांबीव. गड्डा होऊ दे, मग आण. मला अजून दोन नातसुना बघायच्यात."

त्यांची समजूत काढायला मला अक्कलकोटला जाऊन चांदीची वाटी द्यावी लागली. खरं तर वाटी मामानं भाच्याला द्यायची असते. दातापायी नाती अशी उलटी होतात.

दात पुरते आले त्या दिवशी मी स्वयंपाकघरात पाटावर बसलो आणि म्हणालो, "आमटी नको." महानंदानं हातातली पळी तशीच धरली. मी भाकरी उचलली, मोडली, आणि दातांखाली घातली. तो आवाज! पाच-सहा वर्षं मी तो फक्त गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकला होता. तीळ होते त्या भाकरीवर, ते एकेक कळत होते. एका माणसाच्या खाण्याचा आवाज दोघांनी मिळून ऐकला.

इरण्णा दार सोडून आत सरकला.

पण खरं सांगायचं तर पहिल्या दिवसाचा उत्साह चार दिवस टिकला. इतक्या वर्षांत जबड्याला आळस भरला होता, गाल दुखायला लागले. काल्याची सवय सुटत नाही. हळूहळू आमटी परत ताटात आली. आणि इकडे दात मात्र, आपण रोज सहा भाकऱ्या फोडतो या हिशोबानं वाढत होते!

वर्षभरात ते खालच्या ओठावर टेकले. मग हनुवटीकडे निघाले. मिटलेल्या तोंडातूनही बाहेर दिसायचे. शेजारणी नारळ सोलायला आणायच्या. एकदा पोत्याची शिवण उसवून दिली. एका म्हशीचा दोर तोडून दिला, गाठ सुटत नव्हती म्हणून. आणि बोलणं? पहिल्यापेक्षा वाईट. पूर्वी शब्दांतून वारा जायचा, आता शब्द आतच अडायचे.

मग कंपनीचा माणूस आला. निनाद परचुरे. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचं हसू. त्यानं माझ्या दातांना एक पट्टी लावली. पट्टीवर लाल रेघ होती. दात तिच्या बोटभर पुढे गेले होते.

"काका, वाढ हाताबाहेर गेलीय. लगाम घ्यावा लागेल. दरवर्षी."

"दात माझे आहेत," मी म्हणालो.

"दात तुमचेच, काका. वाढ आमची. लगाम नको असेल तर आम्ही ते मोफत काढून नेऊ. तीन महिन्यांनी मंगल कार्यालयात शिबिर आहे. तिथं एक काहीतरी सांगा, लगाम की काढणं. दोन्हींना सही लागते."

दात तुमचे, वाढ आमची! म्हणजे झाड माझ्या अंगणात आणि सावलीचं भाडं त्याला. त्या दिवशी घरात पहिल्यांदा भांडण झालं.

"लगाम घ्यायचा म्हणजे निम्मं वर्ष कंपनीसाठी भाकऱ्या थापायच्या," मी म्हणालो.

"मग देऊन टाका दात. नव्हते तेव्हा जगलोच की."

"हिरडी माझी फाटली, ताप मी काढला, आणि दात देऊन टाकू? फुकट?"

"मग करणार काय? कंपनीशी कुस्ती?"

"न देता आणि न घेता काय होतं ते बघणार."

तसाच उठून मुनाळे बाईंकडे गेलो. त्यांनी तोंड बघितलं, पट्टी लावली, कपाळाला आठ्या घातल्या. "उंदराला लगाम कोण देतं?" त्यांनी विचारलं. "तो कुरतडतो, दात झिजतात. तुम्ही रोज सहा कोरड्या भाकऱ्या खाता ना? मग हे वाढलेच कसे?"

मी छताकडे बघितलं.

"मी काय विचारतेय?"

"आमटीत बुडवून," मी म्हणालो.

त्या एवढ्या रागावल्या की बाहेर बसलेल्या दोन पेशंटांचे दात आपोआप दुखायचे थांबले. मग त्यांनी वाट सांगितली. कानस लावायची नाही. दाताला हत्यार लावलं तर करार मोडला म्हणून कंपनी दोन्ही हातांनी दात नेईल. पण खाण्याला बंदी कुठंच नाही. "कंपनीला जे खोटं सांगितलंत ते आता खरं करा. रोज सहा. दुखेल. पण शिबिराच्या आधी दात लाल रेघेच्या आत आले पाहिजेत. नाही आले, तर तुमच्याकडे बोलायला काही उरणार नाही."

इरण्णा म्हणाला, "आजोबा, एवढे लांब दात घेऊन भाकरी तोंडात शिरणार कशी?"

चांगलं विचारलंस. कोपऱ्यातून. आधी भाकरीची कड, मग नखाएवढा तुकडा, दाताच्या टोकावर टोक घासत. पहिल्या आठवड्यात डोळ्यांतून पाणी. गालाच्या स्नायूंत गोळे. एक भाकरी संपायला दुपार जायची. जबडा शेकायचा, पुन्हा बसायचं. खोटं बोलायला मला श्वासभर वेळ लागला होता. ते खरं करताना हाडं कुरकुरत होती. आणि हे बघून बाळीवेशीतले बाकीचे खोटारडेही बाहेर आले. गुरुपादप्पा मास्तर आले, म्हणाले, "मी पण खिमटच खातो, कुणाला सांगू नका." आम्ही कुणाला सांगितलं नाही. दिवेलागणीला आपापल्या उंबऱ्यावर बसायचं आणि चावायचं. बोळातून जाणाऱ्याला वाटायचं, कुणीतरी वाळलेल्या पानांवरून चालतंय.

दात उतरू लागले. ओठ मिटायला लागले. 'सिद्धेश्वर' म्हटलं की सिद्धेश्वरच ऐकू येऊ लागलं.

शिबिराचा दिवस. मंगल कार्यालय गच्च. स्टेजवर, जिथं नवरा-नवरी बसतात, तिथं दात काढायच्या दोन खुर्च्या. निनादच्या हातात माइक. नाव पुकारलं, मी वर गेलो. त्यानं पट्टी लावली. दात रेघेच्या आत! त्याचं हसू चुरगळलं.

"कानस मारलीत," तो माइकमध्येच म्हणाला. "हा करारभंग आहे. बसा खुर्चीत."

"भाकरी खाल्ली."

"काका, या वयात, या दातांनी? आमच्याकडे जबड्याचा जोर मोजायचं यंत्र आहे. उगाच फजिती करून घेऊ नका."

"लावा यंत्र," मी म्हणालो.

त्यांनी गालाला दोन चकत्या चिकटवल्या. मी पिशवीतून भाकरी काढली, त्याच्या हातातला माइक ओढून घेतला, तोंडाजवळ धरला आणि भाकरी चावली. कडाड! स्पीकरमधून तो आवाज असा गेला की मागच्या रांगेतली पोरं दचकून रडायला लागली. सिद्धेश्वर तलावावरचे बगळे उठले म्हणतात. मी पाहिले नाहीत, आत होतो. मी थांबलो नाही. एक संपवली, दुसरी काढली. यंत्राचा काटा चढत होता. कोरडी भाकरी, घोटभर पाणी नाही.

सहावी संपल्यावर मी विचारलं, "तुमच्या टॅबलेटमध्ये माझ्या नावापुढे काय लिहिलंय? वाचा मोठ्यानं."

त्या नाशिकच्या पोरीनं वाचलं, "कडक भाकरी, कोरडी, रोज सहा."

"मी सांगितलं तेच खातोय, सगळ्यांच्या देखत. तरीही वाढ रेघेबाहेर गेली होती म्हणता, तर माप कुणाचं चुकलं? माझं की तुमचं? माप चुकलेल्यानं लगामाचे पैसे भरावेत!"

निनाद म्हणाला, "ही एका माणसाची गोष्ट झाली." तेवढ्यात गुरुपादप्पा मास्तर उठले, खिशातून भाकरीचा तुकडा काढला आणि कडकन मोडला. मग त्यांच्या मागची रांग. मग सगळं कार्यालय! माइकची गरज राहिली नाही. त्या कडकडाटात निनाद परचुरे काहीतरी बोलत होता, ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. शेवटी त्यानं दोन्ही खुर्च्या घडी करायला सांगितल्या. एक दात गेला नाही. एक सही झाली नाही. बाळीवेशीत आजतागायत कुणी लगाम घेतलेला नाही.

करंदीकर बाई बाकावरून पुढे सरकल्या होत्या. "आणि तुम्ही एकटे, त्या स्टेजवर? भीती नाही वाटली?"

अशा वेळी माणसानं थांबावं. पण ऐकणारं माणूस पुढे सरकलं की माझी जीभ मला विचारत नाही.

"मला कसली भीती!" मी म्हणालो. "भीती हिला. स्टेजच्या पायरीवर उभी, पदर तोंडाला लावलेला, ढसाढसा रडत होती. 'सही करा हो, मोठ्या माणसांशी भांडू नका, सही करा' म्हणून माझा सदरा ओढत होती—"

आतला आवाज थांबला. महानंदा दारात आली. कोपरापर्यंत पीठ, एका हातात बाईंची नरम भाकरी वाफाळत होती, आणि ती हसत नव्हती.

"खोटं!" ती म्हणाली, बोळाच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात. "ट्रॉली वढली म्हणालात, तंबाखू म्हणून सोडून दिलं. सुई घेतली म्हणालात, तरी गप बसले. पर रडले म्हणं मी? अवो, सुई बघून दवाखान्याच्या जिन्यातनं पळाला, अन् आजबी कवळी लावून बसलाय ते कोण? बाई, इकडं बघा, हे चार दात माझे. हिरडी माझी फाटली, सहा भाकऱ्या मी फोडल्या, अन् त्या माइकपुढं मी उभी हुते. पायरीवर उभं राहून माझा पदर वढत, 'महानंदा, सही कर की गं' म्हणून ढसाढसा कोण रडत हुतं, ते सांगा आता ह्यांना!"